पावणेतीन पटीची डुलकी

दुपारचे डबे धुऊन झाले की हिशेबनीस कर्जाचा करार काखोटीला मारून झोपेच्या खोलीकडे निघत. जाताना कपाळावर एक आठी चढवत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, बँकेचं काहीतरी नाजूक काम निघालंय, आत्ता मधे बोलायला नको. खरं काम एवढंच असे की सासऱ्यांना झोपवायचं.

कंपनी गाद्यांची होती. झोपेच्या खोलीवर 'गुणवत्ता चाचणी कक्ष' अशी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. प्रत्येक नव्या खेपेतली एक गादी त्या खोलीत येई आणि हिशेबनीसांचे सासरे तिच्यावर दुपारभर झोपत. उठल्यावर एका कार्डावर शेरा लिहीत. 'कुशीवर उत्तम. पाठीला किंचित उद्धट.' त्यांच्या शेऱ्याशिवाय एकही गादी कारखान्याबाहेर पडत नसे. हिशेबनीस त्यांना मामा म्हणत, म्हणून ते साऱ्या कंपनीचेच मामा होऊन बसले होते. शिलाई विभागात उभं आयुष्य काढल्यावर मालकांनी त्यांना ही जागा दिली होती. पगाराच्या यादीत त्यांच्यासमोर 'झोप परीक्षक' असं लिहिताना हिशेबनीसांची मान दर महिन्याला थोडी खाली जाई. आपले सासरे झोपण्याचा पगार घेतात, हे चारचौघांत सांगायचं कसं? कुणी विचारलंच तर 'उत्पादन विभागात असतात' म्हणून ते वेळ मारून नेत.

त्यात आता नवीनच पंचाईत झाली होती. मामांची झोप उडाली होती. गादी कितीही मऊ असो, मामा डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहत. झोप नाही तर शेरा नाही, आणि शेरा नाही तर मामा हवेत कशाला? ही गोष्ट घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. हिशेबनीसांच्या बायकोनं नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं, "काहीही करा, बाबांची नोकरी टिकली पाहिजे. दिवसभर घरी बसले तर ते खचतील. आणि आठवडाभरात तुम्हीही."

उपाय सापडला तो योगायोगानं. कंपनीनं शिलाईची नवी यंत्रं घ्यायला बँकेकडून कर्ज काढलं होतं. त्या कर्जाचा करार हिशेबनीस एकदा घरी मोठ्यानं वाचत बसले होते. दुसऱ्या कलमाला मामांची मान कलली आणि तिसऱ्याला ते घोरायला लागले. डॉक्टरांच्या गोळ्यांना जे जमलं नव्हतं ते 'सदर करारात अन्यथा नमूद नसल्यास' या एका वाक्यानं करून दाखवलं. तेव्हापासून रोज दुपारी दार लोटून, पडदा ओढून वाचन चाले.

करारातल्या एका अटीवर मात्र सगळ्या कंपनीचा जीव टांगलेला होता. बँकेतली माणसं तिला कव्हेनंट म्हणत. व्याज आणि कर भरण्याआधी कंपनीची जी कमाई होते, ती त्या तिमाहीच्या व्याजाच्या निदान तिप्पट हवी. तशी ती आहे असा दाखला दर तिमाहीला बँकेला पाठवायचा. कमी पडली तर आधीच कबूल करून माफी मागायची. आणि दाखला खोटा निघाला तर बँक सगळं कर्ज एकरकमी परत मागणार, म्हणजे कारखान्याला कुलूप. हिशेबनीस सावध स्वभावाचे. ते दर तिमाहीला दोन मेल आधीच तयार करून ठेवत. एक 'सर्व ठीक आहे' सांगणारा आणि दुसरा 'या खेपेस कमी पडलो, क्षमा असावी' म्हणणारा. मालक सदा घाईत, म्हणून दोन्ही पत्रांवर त्यांची सही एकाच बैठकीत घेऊन ठेवलेली असे. आकडा हाती आला की योग्य तो मेल जाई आणि दुसरा पुसला जाई. माफीचा मेल आजवर कधी गेला नव्हता.

त्या दिवशी तिमाहीचे सगळे आकडे टेबलावर आले होते, फक्त शेवटचा भागाकार राहिला होता. तो जेवणानंतर करू म्हणून हिशेबनीस झोपेच्या खोलीत गेले. बाहेर ऊन पेंगुळलं होतं. पिंजलेल्या कापसाचे तंतू खिडकीतून आत येऊन उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होते, खाली पडायची त्यांना काही घाई नव्हती. भिंतीपलीकडे शिलाईची यंत्रं एकसुरात गुणगुणत होती.

"कुठवर आलो होतो आपण?" मामांनी उशी नीट करत विचारलं.

"व्याख्यांवर. कमाई म्हणजे काय."

"हं. ते चांगलं आहे. सावकाश वाचा, जावईबापू. काल तुम्ही दंडाचं कलम घाईनं वाचलंत, मी मधेच जागा झालो."

हिशेबनीसांनी शेजारच्या रिकाम्या गादीला पाठ टेकली आणि वाचायला लागले. रोज वाचून वाचून त्या शब्दांचा अर्थ केव्हाच झिजून गेला होता, उरला होता नुसता आवाज. आपण काय वाचतोय हे त्यांच्या कानांना कळत नव्हतं, जिभेलाही नव्हतं. मामांचा श्वास जड झाला. ओळी एकमेकींत मिसळू लागल्या. पान उलटता उलटता हिशेबनीसांचा हात तसाच पानात राहिला.

स्वप्नात कारखाना होता तसाच होता, फक्त थोडा हलका झाला होता. मधोमध एका स्टुलावर व्याज बसलं होतं, अंगानं किरकोळ, टोपी मांडीवर ठेवून. त्याच्यासमोर तीन गाद्या एकावर एक रचल्या होत्या, ती कंपनीची कमाई. आणि सगळ्यांत वर, पाय दुमडून, कंपनीनं नुकतंच भंगारवाल्याला विकलेलं जुनं पिंजण यंत्र बसलं होतं. कुणीतरी अतिशय सभ्य आवाजात म्हणालं, "माफ करा, तुम्ही इथले नाही. खाली उतरा." यंत्रानं ओशाळून सगळ्यांना नमस्कार केला, पंख फुटावेत तसं ते उचललं गेलं आणि कापूस उधळत खिडकीतून निघून गेलं. ते गेल्यावर वरची गादी हळूच खाली बसली. आता त्या पुऱ्या तीन राहिल्या नव्हत्या. पावणेतीन होत्या. हिशेबनीसांना स्वप्नातही वाईट वाटलं.

भोंगा वाजला. मामा अजून घोरत होते. हिशेबनीस उठले, तरंगत तरंगत आपल्या टेबलाशी आले, माफीच्या मेलमधल्या मोकळ्या जागेत 'पावणेतीन पट' असं भरलं, बटण दाबलं आणि चहाला गेले. चहाचा दुसरा घोट पोटात गेला तेव्हा ते पुरते जागे झाले. आपण स्वप्नात मेलसुद्धा पाठवला, या विचारानं त्यांना हसू आलं. किती हुबेहूब पडतात हल्ली स्वप्नं, असं म्हणून त्यांनी कप विसळला. भागाकार उद्या ताज्या डोक्यानं करायचं ठरवून ते वेळेवर घरी गेले.

सकाळी त्यांनी भागाकार केला. उत्तर तीनच्या वर आलं, अगदी थोडं वर, पण वर. हिशेबनीसांनी सुस्कारा सोडला आणि 'सर्व ठीक' मेल उघडला. तो जागेवर होता. सवयीप्रमाणे दुसरा पुसायला गेले तर तो जागेवर नव्हता. तो पाठवलेल्या मेलमध्ये बसला होता, मालकांच्या सहीसकट.

"काय झालं?" मालक दारातून डोकावत म्हणाले. "चेहरा का असा उतरलाय? कमी पडलो?"

"नाही साहेब. तिप्पटीच्या वर आहोत."

"मग?"

"मी बँकेला कळवलंय की कमी पडलो."

मालक आत आले आणि समोरच्या खुर्चीत बसले. घाईतला माणूस बसतो म्हणजे काय, हे हिशेबनीसांना ठाऊक होतं. "का कळवलंत?" त्यांनी हळू विचारलं.

"तेच आठवत नाहीये."

बँकेला फोन लावला. कर्ज विभागातल्या बाईंनी तो पहिल्याच घंटीला उचलला. त्यांचा आवाज नेहमी कोरडा ठणठणीत असे, आज मात्र त्याला ओलावा होता.

"मी तुम्हालाच फोन करणार होते," त्या म्हणाल्या. "तुमची माफी मंजूर झाली. काल संध्याकाळी समिती बसलीच होती, मी लगेच ठेवली. इतकी वर्षं मी हे काम करतेय, पण आम्ही पकडायच्या आधी कुणी स्वतःहून कबुली दिल्याचं पाहिलं नव्हतं. अध्यक्षांनी तुमचं पत्र दोनदा वाचून दाखवलं."

"मॅडम, एक छोटीशी गडबड झालीय. आमची चूक झालेलीच नाही."

"मग माफी कशाची दिली आम्ही?"

"तीच परत घ्याल का?"

"परत?" ओलावा गेला. "अहो, आमच्या संगणकात मंजूर आहे, नामंजूर आहे. 'नको होती' असं काही नाहीये त्यात. आणि समितीला काय सांगू, तुम्ही ज्यांचं कौतुक केलंत त्यांनी काही केलंच नव्हतं? माफी दिलीय म्हणजे चूक कागदावर दिसली पाहिजे. मी येते दोन दिवसांनी पाहणीला. आणि हो, माफीला एक अट आहे. एक बिनकामाचा खर्च बंद करायचा. समितीनं तुमची पगाराची यादी पाहिली. तिथे एक झोप परीक्षक म्हणून पद आहे, तेच काढून टाका. बाकी सगळं ठीक."

फोन ठेवल्यावर दोघं हवेत तरंगणाऱ्या कापसाकडे बघत बसले. एक तंतू मालकांच्या भुवईवर येऊन विसावला.

"चूक करायला अजून वेळ आहे का?" मालकांनी विचारलं. "थोडं नुकसान करून घेऊ. दोनचार गाद्या भिजवू."

"तिमाही संपली साहेब. आता केलेली चूक पुढच्या तिमाहीत धरतील."

"मग त्यांचंच ऐकू. एक पद गेलं म्हणून काय आभाळ कोसळत नाही."

"ते पद म्हणजे मामा आहेत."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, तुम्ही सांगा त्यांना. मला नाही व्हायचं ते." मालक उठले, आणि दारात पाऊल अडखळल्यासारखे थांबले. "नीट समजावून सांगा हं. माझ्या लग्नातली गादी त्यांनीच शिवली होती."

संध्याकाळी घरी चहा झाला तरी हिशेबनीसांनी तोंड उघडलं नव्हतं. मामा खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक काढत होते, उद्याच्या शेऱ्याची तयारी. बायकोनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि समोरून कप उचलला.

"बोला आता. आल्यापासून काहीतरी गिळून बसलायत."

"काही नाही गं."

"शिलाईवाल्या बायका सगळं बोलत होत्या," मामा खिडकीबाहेर बघतच म्हणाले. "बँकेला माझी झोप डोळ्यांत खुपतेय म्हणे. सांगायला तुम्हाला जड जात असेल, म्हणून मीच बोललो."

हिशेबनीसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच हातानं, आपल्याच डुलकीत हे झालं, हे त्यांनी एका दमात सांगून टाकलं. ऐकून बायकोनं कपाळाला हात लावला, पण मामांना हसू फुटलं.

"म्हणजे त्या खोलीत झोप लागली तुम्हाला? कोणत्या गादीवर?"

"भिंतीकडच्या."

"ती चांगलीच आहे." मामांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हसू ओसरलं. "जावईबापू, तुम्हाला माझ्या कामाची लाज वाटते, ते मला ठाऊक आहे. बोलत नाही एवढंच. पण पगारी झोप सोपी नसते बरं. फुकटची कुणालाही येते. रोज ठरल्या वेळी, ठरल्या गादीवर, कुणीतरी निकालाची वाट बघत असताना झोपायचं, हे करून बघा एकदा. आणि ते गेलं ना, तर सकाळी उठून चपला कशासाठी घालायच्या तेच कळणार नाही मला."

बायकोनं वडिलांसाठी आणखी चहा टाकला, त्यांनी मागितला नव्हता तरी. हिशेबनीसांना त्या क्षणी मामांबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांनी पेन्सिलीची सालपटं स्वतःच्या हातानं गोळा केली.

"त्या बाई येतायत ना?" मामा थोड्या वेळानं म्हणाले. "येऊ देत. मी त्यांना झोपून दाखवतो. काम डोळ्यांनी पाहिल्यावर कुणी बिनकामाचं म्हणत नाही."

बँकेच्या बाई ठरल्या दिवशी आल्या त्या हातात जाडजूड फाईल घेऊन. आधी त्यांनी आकडे पाहिले आणि त्यांच्या भुवया जवळ येत गेल्या. आकडे तिप्पटीच्या वर दाखवत होते. चूक कुठेच नव्हती. माफी तिथे निराधार उभी होती.

"आता मी काय लिहू?" त्या वैतागून म्हणाल्या. "बरं, ते पद तरी दाखवा. अट पुरी झाली असं तरी लिहिता येईल."

मालकांनी झोपेच्या खोलीचं दार उघडलं. मामा धुतलेला सदरा घालून, केस विंचरून नव्या गादीवर उताणे पडले होते. त्यांनी झोपल्या झोपल्याच बाईंना नमस्कार केला आणि डोळे मिटले. सगळे वाट बघत उभे राहिले. पडदा हलला, तंतू तरंगले, पलीकडे यंत्रं गुणगुणली. मामांची पापणी थरथरली. एक डोळा किलकिला झाला, मिटला, पुन्हा उघडला. मग दोन्ही उघडले आणि छतावर जाऊन बसले.

"झोपले का?" बाईंनी विचारलं.

"झोपतील," मालक म्हणाले.

मामांच्या कपाळावर घाम आला होता. हिशेबनीसांना ते पाहवेना. आठी चढवायचीही शुद्ध त्यांना राहिली नाही. ते सरळ टेबलाशी गेले, करार घेऊन आले आणि मामांच्या उशाशी बसले.

"मॅडम, मामांना हे वाचून दाखवल्याशिवाय झोप लागत नाही."

"काय आहे ते?"

"कर्जाचा करार."

बाईंनी पुढे होऊन मुखपृष्ठ पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. "हा मसुदा मी लिहिलाय," त्या म्हणाल्या.

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. हिशेबनीसांना वाटलं, भुईनं आता पोटात घ्यावं.

"ह्याच्यानं झोप येते?" बाईंनी मामांना विचारलं.

"फार सुंदर येते," मामा कळकळीनं म्हणाले. "कुठे अडखळायला होत नाही. मधे कुठे धक्का नाही. आयुष्यभर गाद्या शिवल्या मी, पण इतकं एकसारखं भरलेलं काही पाहिलं नाही."

आपल्या लिहिण्याबद्दल बाईंशी आजवर कुणी इतकं मनापासून बोललं नव्हतं. त्यांनी आपल्या फाईलमधली प्रत काढली, दुसऱ्या गादीच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "वाचा. व्याख्यांपासून वाचा. तो भाग मला जमलाय."

हिशेबनीस वाचू लागले. बाई आपल्या प्रतीत बोट फिरवत, ओठ हलवत मागून येत होत्या. मामांचा श्वास लांबला. 'कमाई' या शब्दाची व्याख्या सुरू झाली, उपकलमं एकामागून एक सरकू लागली. '...तथापि जुनी यंत्रसामग्री वा अन्य मालमत्ता विकून मिळालेली रक्कम सदर कमाईत...'

"थांबा," बाई म्हणाल्या. "पुन्हा वाचा."

"'...जुनी यंत्रसामग्री वा अन्य मालमत्ता विकून मिळालेली रक्कम सदर कमाईत धरण्यात येऊ नये.'"

"अहो," मालक खिडकीकडून वळले, "आपण ते पिंजण यंत्र विकलं की या तिमाहीत."

मामा घोरत होते, एका लयीत, तृप्त. हिशेबनीसांनी कराराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वजाबाकी केली, मग भागाकार केला. बाईंनी खांद्यावरून वाकून उत्तर पाहिलं आणि फाईलमधून तो माफीचा मेल काढून शेजारी ठेवला. दोन्हीकडे तोच आकडा होता. पावणेतीन.

"म्हणजे तुमचं पहिलंच बरोबर होतं," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही दुसरा मेल पाठवला असता ना, सर्व ठीकवाला, तर तो खोटा दाखला ठरला असता. मग मी इथे माफी घेऊन नाही, वसुलीचे कागद घेऊन आले असते. हे तुम्हाला आधी कसं समजलं?"

हिशेबनीसांनी मामांकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं. खोटं बोलायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. "झोपेत," ते म्हणाले. "भिंतीकडच्या गादीवर. यंत्र खिडकीतून उडून गेलं, मॅडम."

बाईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी फाईल गुडघ्यावर घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागल्या. "'कमाईतील तूट कंपनीच्या गुणवत्ता चाचणी कक्षात, करारनाम्याच्या नियमित वाचनादरम्यान आढळली.' ह्यात एक अक्षर खोटं नाही. आणि जिथे तूट सापडते ती खोली बंद करा असं मी कोणत्या तोंडानं लिहू? ती अट काढून टाकायला सांगते मी समितीला."

मामा जागे झाले तेव्हा सगळं उरकलं होतं. खोलीतले सगळे आपल्याकडे बघून हसतायत, हे पाहून त्यांनी आधी सदरा नीट केला. मग कार्ड ओढलं आणि लिहिलं, 'गादी उत्तम. गर्दीतही झोप लागते.'

एवढ्यावर भागलं असतं तर हिशेबनीस सुखी झाले असते. पण मालकांच्या डोक्यात एकदा गोष्ट शिरली की ती बाहेर निघत नसे. पुढची तिमाही संपायला आली तशी त्यांनी झोपेच्या खोलीत भिंतीकडच्या गादीखाली लाकडी पलंग टाकून घेतला आणि हिशेबनीसांना बोलावलं.

"दाखला पाठवायच्या आधी तुम्ही इथे झोपायचं. कंपनीचा नियम समजा. काय स्वप्न पडतं ते सांगायचं."

"साहेब, असं ठरवून कसं पडेल?"

"ते मामा बघतील. या खोलीत तुम्ही मामांच्या हाताखाली."

आजवर ज्यांना घरी बसवायची हिशेबनीसांना धास्ती होती, ते आता ऑफिसातच त्यांच्या डोक्यावर येऊन बसले. बायकोला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "बाबांना त्रास देऊ नका हं तिथे," ती म्हणाली. "नवीन माणसाला ते फार जीव लावून शिकवतात."

त्या दुपारी ऊन पुन्हा पेंगुळलं होतं. हिशेबनीस पलंगावर आडवे झाले. मामांनी त्यांची उशी थापटून दिली, चपला जुळवून ठेवल्या. बाहेर दोन खुर्च्यांवर मालक आणि बँकेच्या बाई बसले होते. बाईंचं काही काम नव्हतं, पण आपला मसुदा मामांच्या आवाजात ऐकायची त्यांना फार इच्छा होती. मामांनी शेजारच्या गादीवर रेलून करार उघडला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

हिशेबनीसांनी डोळे मिटले. आणि त्यांना कळून चुकलं की झोप येणार नाही. कान दाराकडे लागले होते. मालकांची खुर्ची करकरली, ती ऐकू आली. या कुशीवरून त्या कुशीवर झालं. हात छातीवर ठेवले तर जड वाटले, बाजूला ठेवले तर परके. एका माणसाचा पगार आपल्या पापण्यांवर ठेवल्यासारखं वाटत होतं. मामा हे रोज करत होते, वर्षानुवर्षं, आणि आपण यादीत त्यांचं पद लिहिताना मान खाली घालत होतो. हिशेबनीसांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"आराम वाटतोय ना?" मामांनी पान उलटत विचारलं.

"हो," हिशेबनीस खोटं बोलले.

मामा वाचत राहिले. त्यांचा आवाज खोल होता, शब्दांच्या कडा त्यात गोल होत होत्या. पहिल्यांदा दाराबाहेर मालकांचा चष्मा मांडीवरून जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग बाईंच्या फाईलमधले कागद सुळकन घसरून जमिनीवर पसरले आणि ते उचलायला कुणी वाकलं नाही. 'सदर करारात अन्यथा नमूद नसल्यास' इथे मामांचाच आवाज लांबला, विरघळला, आणि करार त्यांच्या छातीवर पालथा झाला. पलीकडची यंत्रं गुणगुणत होती. त्या चौघांत ज्याला झोपायचं काम दिलं होतं तो एकटा टक्क जागा होता.

हिशेबनीस हळूच उठले. मामांच्या छातीवरून करार काढून घेतला, त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि खिडकीशी बसून कमाईची व्याख्या पहिल्यांदाच जागेपणी वाचली. एकेक ओळ, बोट ठेवून. काय धरायचं, काय वगळायचं, सगळं वगळून भागाकार केला. तिप्पटीच्या वर आला, नीट, ऐसपैस वर. मग ते मालकांचा चष्मा आणि बाईंचे कागद ओलांडत पाऊल न वाजवता टेबलाशी गेले आणि 'सर्व ठीक'चा मेल पाठवून परत पलंगावर येऊन पडले.

भोंग्यासरशी सगळे दचकून जागे झाले. मालकांनी चष्मा डोळ्यांवर चढवत आत डोकावून विचारलं, "काय दिसलं?"

"सर्व ठीक आहे," हिशेबनीस म्हणाले. मालकांनी समाधानानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी तोंडावर हात ठेवून जांभई दिली आणि मान डोलावली.

दोघं गेल्यावर मामांनी पेन्सिल घेतली. जावयाकडे एकदा बारकाईनं पाहिलं, पलंगाची चादर पाहिली, उशी चाचपली. उशीवर झोपलेल्या डोक्याचा खोल खळगा पडला नव्हता. त्यांनी कार्डावर सावकाश लिहिलं, सही केली आणि कार्ड जावयाच्या हातात ठेवून ते चपला घालायला बाहेर गेले.

हिशेबनीसांनी कार्ड उन्हात धरून वाचलं. 'झोपेची अट पाळली नाही. पहिलीच वेळ आहे व माणूस आपला आहे, म्हणून या खेपेस माफ. पुढील तिमाहीत सुधारणा दिसावी.'